अर्पणपत्रिकेतले आईबाप

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी महाविद्यालयात प्रवेशाची धांदल सुरू होते आणि अर्ज तपासण्याचे काम आम्हा मराठी विभागातल्या प्राध्यापकांच्याही वाट्याला येते. अर्जावर पालकाचे नाव, विद्यार्थ्याशी नाते, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न असे रकाने असतात. त्यांतच 'पालकाचे शिक्षण' असा एक रकाना असतो. पुष्कळ अर्जांत तेथे 'चौथी', 'सातवी नापास' असे काही लिहिलेले असते आणि काहींत नुसती आडवी रेघ असते. ती रेघ विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने ओढलेली असते. तिच्याकडे पाहून मुलाविषयी आमचे एक मत नकळत बनून जाते, हे आम्ही येथे प्रांजळपणे कबूल करतो. पुढे तो मुलगा वर्गात दिसेनासा झाला की प्राध्यापक-कक्षात एक वाक्य हमखास उच्चारले जाते: "घरीच लक्ष नाही, आपण काय करणार?"

हे वाक्य आम्हीही उच्चारले आहे. नंतर त्याच दिवशी एम. ए.च्या वर्गात जाऊन आम्ही दलित व भटक्या-विमुक्तांची आत्मकथने शिकवली आहेत. त्यांतले आईबाप अक्षरशत्रू आहेत, आणि तरीही त्यांच्यावाचून ती पुस्तके लिहिलीच गेली नसती. या दोन गोष्टी एका मनात नांदतात कशा, असा प्रश्न एकदा आमचा आम्हालाच पडला. त्याचे उत्तर शोधताना महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासाकडे थोडे निराळ्या बाजूने पाहावेसे वाटले. हा इतिहास आपण बहुधा समाजसुधारक, संस्था आणि कायदे यांच्या अनुरोधाने लिहितो. त्यात आईबाप येतात ते एकतर अडथळा म्हणून किंवा मग नायकाच्या बालपणापुरते. त्यांनी नेमके काय केले, कशाच्या बळावर केले, आणि जेथे केले नाही तेथे त्यांना कोणी अडवले, हे आपण क्वचितच विचारतो.

दोन अर्पणपत्रिकांपासून आरंभ करू. १८८७ साली फिलाडेल्फियाहून पंडिता रमाबाईंचे 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. ते त्यांनी आपल्या आईच्या, लक्ष्मीबाई डोंगरे यांच्या, स्मृतीस अर्पण केले आहे. १९२३ साली लंडनहून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केलेला आहे. एक पुस्तक उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या दास्याविषयी, दुसरे चलनव्यवस्थेच्या अर्थशास्त्राविषयी. या दोन घरांत जातीचे, भाषेचे आणि परिस्थितीचे अंतर केवढे तरी आहे. दोन्ही लेखकांनी मात्र आपल्या विद्येचे ऋण घरापाशी नोंदवून ठेवले. हे ऋण कोणत्या प्रकारचे होते, हे पाहण्याआधी एका तिसऱ्या घरात डोकावणे आवश्यक आहे. त्या घरातला बाप आपल्या इतिहासात काहीसा खलनायकासारखा उभा केला जातो.

तो बाप म्हणजे गोविंदराव फुले. जोतीरावांची आई चिमणाबाई मूल वर्षाचे असतानाच वारली आणि मुलाला सगुणाबाईंनी वाढवले. गोविंदरावांनी मुलाला मराठी शाळेत घातले, पुढे दुकानातल्या कारकुनाच्या सांगण्यावरून शाळेतून काढले आणि मळ्यात कामाला लावले. १८४० मध्ये त्याचे लग्न करून दिले. १८४१ मध्ये शेजारी राहणारे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी समजावल्यावर त्यांनी त्या लग्न झालेल्या मुलाला स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा घातले. १८४८ मध्ये जोतीरावांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, आणि १८४९ मध्ये लोकांच्या दडपणापुढे नमून याच गोविंदरावांनी मुलाला व सुनेला घराबाहेर काढले.

एकाच माणसाची ही चार कृत्ये आहेत: शाळेत घालणे, काढणे, पुन्हा घालणे, आणि शिकलेल्या मुलाला घराबाहेर काढणे. त्यांतले कोणते खरे गोविंदराव, असा प्रश्न विचारणे आम्हाला व्यर्थ वाटते. प्रत्येक वेळी त्यांच्या कानाशी कोण होते, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. कारकून होता तेव्हा मुलगा मळ्यात गेला, मुन्शी आणि लिजिट होते तेव्हा शाळेत गेला, आणि सारे शहर अंगावर आले तेव्हा तो घराबाहेर गेला. फुलांच्या धंद्यावर आणि मळ्यावर पोट असणाऱ्या माणसाला शेजारपाजार आणि गिऱ्हाईक तोडून चालत नाही. मुलाविषयीच्या ममतेपेक्षा त्या ममतेला बाहेरून मिळणाऱ्या आधाराचे पारडे येथे जड ठरले. गोविंदराव कमकुवत होते असे म्हणता येईल. पण दोन शेजाऱ्यांच्या एका बोलण्याने तो कमकुवत माणूस मुलाला पुन्हा शाळेच्या दारापर्यंत घेऊन गेला, हेही त्याच इतिहासात लिहिलेले आहे.

जोतीरावांना स्वतःला या गोष्टीची पुरेपूर जाण असावी. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. शेतकऱ्यांची व गोरगरिबांची मुले शाळेत फार दिवस टिकत नाहीत, याचे कारण त्यांनी आईबापांच्या अनास्थेत न शोधता मुख्यतः दारिद्र्यात शोधले. गुरे राखणारा आणि शेतात हात लावणारा मुलगा शाळेत पाठवायचा म्हणजे घरातली मजुरी सोडायची, हे त्यांना मळ्यातल्या आपल्या दिवसांवरून ठाऊक होते. सक्तीची मागणी करणारा हा पहिल्या फळीतला विचारवंत स्वतः शाळेतून काढला गेलेला मुलगा होता, या योगायोगाकडे अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यावयास हवे, असे आमचे मत आहे.

आता रमाबाईंच्या घराकडे वळू. अनंतशास्त्री डोंगरे पुण्यात विद्यार्थी असताना पेशव्यांच्या घरातील स्त्रीला संस्कृत शिकवले जात असल्याचे त्यांनी पाहिले आणि आपल्या पत्नीलाही शिकवायचे असे मनात घेतले. पुढे लक्ष्मीबाईंशी विवाह झाल्यावर त्यांनी तिला संस्कृत शिकवावयास आरंभ केला. नातलगांचा आणि गावाचा विरोध झाला, धर्मपंडितांसमोर शास्त्राधार देऊन आपल्या कृत्याचे समर्थन करावे लागले, आणि अखेर सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे त्यांनी आपले बिऱ्हाड नेले. तेथे १८५८ मध्ये रमाबाईंचा जन्म झाला. रमाबाई शिकण्याच्या वयात आल्या तोवर वडील वृद्ध झाले होते. त्यामुळे मुलीला शिकवण्याचे काम आईने उचलले. घरकामाला लागण्यापूर्वी, पहाटेच्या वेळी, लक्ष्मीबाई मुलीला जागे करून पाठ देत. कुटुंब तीर्थयात्रा करीत व पुराण सांगत हिंडत होते, त्यामुळे या शाळेला भिंती नव्हत्या आणि गावही नव्हता.

येथे थोडे थांबून एक गोष्ट नमूद करणे अगत्याचे आहे. मराठी वाङ्मयात आईच्या शैक्षणिक भूमिकेची जी प्रतिमा दृढ झाली, ती मुख्यतः १९३५ च्या 'श्यामची आई'ने घडवली. संस्कार देणारी, वळण लावणारी, प्रसंगी कठोर होणारी आई आपल्या मनात इतकी ठसली आहे की आई म्हणजे संस्कार आणि बाप म्हणजे फी, अशी एक वाटणीच होऊन बसली. साने गुरुजींच्या पुस्तकाचे मोल त्यामुळे यत्किंचितही कमी होत नाही. परंतु त्याआधीच्या शतकात एक आई आपल्या मुलीला रोज पहाटे संस्कृत शिकवीत होती, म्हणजे प्रत्यक्ष विद्या देत होती, हे या प्रतिमेखाली झाकले गेले. सुशिक्षित माता चांगले पुत्र घडवील, असा युक्तिवाद त्या काळी स्त्रीशिक्षणाच्या बाजूने वारंवार केला जाई. लक्ष्मीबाई त्या युक्तिवादात बसत नाहीत, कारण त्यांनी घडवली ती मुलगी आणि दिले ते शास्त्र.

डोंगरे दांपत्याचा आणखी एक निर्णय शिक्षणाच्या इतिहासात लिहिला जावा असा आहे. थोरल्या मुलीचे लग्न त्यांनी लहानपणी लावून दिले होते आणि ते दुःखदायक ठरले होते. म्हणून रमाबाईंचे लग्न त्यांनी लवकर केले नाही. त्या काळात मुलीच्या शिक्षणाचा निर्णय प्रत्यक्षात तिच्या लग्नाच्या वयाचाच निर्णय असे. नवव्या-दहाव्या वर्षी मुलगी सासरी गेली की आईबापांचा अधिकार संपला, आणि पालकत्व नवऱ्याकडे, सासूकडे व घरातल्या वडीलधाऱ्या बायकांकडे गेले.

याची साक्ष रमाबाई रानडे यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात मिळते. मुलीला शिकवणे त्यांच्या माहेरी निषिद्ध होते. १८७३ मध्ये लग्न होऊन त्या आल्या त्या निरक्षर, आणि त्यांना शिकवले न्यायमूर्ती रानडे यांनी. घरातल्या स्त्रियांचा रोष मात्र शिकवणाऱ्या पुरुषावर न होता शिकणाऱ्या मुलीवर झाला. आनंदीबाई जोशी यांची कथाही याच वळणाची आहे. गोपाळरावांचा शिकवण्याचा हट्ट कधी मारहाणीपर्यंत जाई, हे आनंदीबाईंच्या पत्रांवरूनच कळते. १८८३ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत वारल्या. पंडिता रमाबाई अमेरिकेला गेल्या त्या प्रथम आनंदीबाईंच्याच पदवीदान समारंभासाठी. आईने शिकवलेली एक आणि नवऱ्याने शिकवलेली दुसरी अशा दोन मराठी स्त्रिया त्या समारंभाला एकत्र होत्या. आपले शिक्षण आपल्या इच्छेने चालले आहे, असे त्या दोघींपैकी अधिक निःशंकपणे कोणाला म्हणता आले असते, याचा विचार आम्ही वाचकांवर सोपवतो.

तथापि डोंगरे कुटुंबाचे चित्र आदर्श म्हणून भिंतीवर टांगण्यासारखे नाही. मुलांचा बाहेरच्या जगाशी आणि व्यावहारिक विद्येशी फारसा संबंध येऊ नये, असा त्या घरातला दंडक होता. १८७० च्या दशकात दुष्काळात कुटुंब सापडले तेव्हा पोटासाठी करता येईल असे कोणतेच काम त्यांच्या हाती नव्हते. १८७४ मध्ये वडील गेले, पाठोपाठ आई गेली, थोरली बहीणही गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तेथील पंडितांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. ज्या विद्येने त्यांना हा मान मिळवून दिला, तिने त्यांच्या आईला भाकरी मिळवून दिली नव्हती. अनंतशास्त्री आणि लक्ष्मीबाई यांनी समाजाविरुद्ध जाऊन, कोणाच्याही पाठबळावाचून मुलीला शिकवले आणि त्याची किंमत एका अख्ख्या कुटुंबाने मोजली. आईबापांनी एकट्याने सारे करायचे ठरवले तर काय होऊ शकते, याचे हे आपल्या इतिहासातले सर्वांत उंच आणि सर्वांत करुण उदाहरण आहे.

दुसऱ्या अर्पणपत्रिकेतले वडील सुभेदार रामजी सकपाळ यांची गोष्ट या पार्श्वभूमीवर निराळी दिसू लागते. रामजी स्वतः शिकलेले होते आणि लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. कंपनी सरकारच्या लष्करात शिपायांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे असे. ज्या समाजाला गावच्या शाळेचा उंबरा ओलांडता येत नव्हता त्याच समाजातल्या काही घरांत अक्षरे आली ती या मार्गाने. पुढे १८९० च्या दशकाच्या आरंभी महारांची लष्करभरती बंद झाली आणि हा मार्गही बुजला. रामजींनी तोवर मिळालेले अक्षरधन मुलांच्या हाती दिले.

१९०४ मध्ये हे कुटुंब मुंबईला आले आणि परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. त्या खोलीत अभ्यासाला स्वतंत्र जागा कोठून असणार? धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रावरून कळते की रामजी रात्री दोनपर्यंत जागे राहत, मग मुलाला उठवून अभ्यासाला बसवत आणि त्याच्या जागी स्वतः झोपत. मुलाला पुस्तके हवी असली आणि हातात पैसे नसले की ते लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांच्याकडून पैसे उसने घेत किंवा दागिना घेऊन गहाण ठेवत, आणि पेन्शन आली की सोडवून परत देत. हा तपशील आम्ही अनेकदा वर्गात सांगितला आहे. सांगताना भर नेहमी बापाच्या त्यागावर दिला गेला. दागिना देणारी बहीण आणि ठरल्या दिवशी येणारी पेन्शन या दोन गोष्टी निसटून गेल्या. त्या पेन्शनीवाचून दागिना परत आला नसता, आणि परत येण्याची खात्री नसती तर सासरी नांदणाऱ्या मुलीला तो पुन्हा देता आला नसता. बापाच्या जिद्दीला येथे एका नियमित उत्पन्नाचा टेकू होता.

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाल्यावर कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्यांची गाठ सयाजीराव महाराजांशी घालून दिली आणि शिष्यवृत्तीची वाट मोकळी झाली. फेब्रुवारी १९१३ मध्ये रामजी वारले, आणि त्याच वर्षी मुलगा न्यूयॉर्कला गेला. १९२३ चा ग्रंथ आईवडिलांना अर्पण करणाऱ्या बाबासाहेबांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेला आपला प्रांतिक अर्थव्यवहारावरील ग्रंथ सयाजीराव महाराजांना अर्पण केला, तो शिक्षणासाठी केलेल्या साहाय्याबद्दल कृतज्ञता म्हणून. ही दोन पाने शेजारी-शेजारी ठेवून वाचावीत. मुलाला शिकवायला आईबाप लागतात आणि आईबापांच्या पलीकडचे कोणीतरीही लागते, हे त्यांवरून स्पष्ट होते.

हे पलीकडचे कोणीतरी म्हणजे कोण, या प्रश्नाशी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला महाराष्ट्र झुंजत होता. बडोदे संस्थानात १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू झाला. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. महिना दहा रुपयांहून अधिक उत्पन्न नसलेल्या पालकाकडून फी घेऊ नये, अशी तरतूद त्यात होती. १९१२ च्या मार्चमध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दरमहा एक रुपया दंडाची तरतूद केली.

हा एक रुपयाचा दंड आमच्या मते मराठी पालकाच्या इतिहासातला एक महत्त्वाचा टप्पा आहे. तोपर्यंत मुलाला शिकवण्याबद्दल शिक्षा होत असे. अनंतशास्त्रींना ती झाली, जोतीराव-सावित्रीबाईंना झाली. आता मुलाला न शिकवण्याबद्दल शिक्षा होणार होती. दंडाची भीती कोणाला किती वाटली, हा वेगळा विषय आहे. पण शेजाऱ्यापाजाऱ्यांपुढे, भावकीपुढे 'सरकारचा हुकूम आहे' असे म्हणण्याची सोय त्या बापाला झाली. गोविंदरावांना अशी सोय असती तर कारकुनाला त्यांनी काय उत्तर दिले असते, असे आमच्या मनात येऊन जाते. शाहू महाराज केवळ दंडावर थांबले नाहीत, हेही लक्षात ठेवले पाहिजे. १९०१ पासून त्यांनी निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहांची मालिका उभारली होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. त्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटलांनी आपले दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडू दिले. रामजींनी मुलीचा दागिना स्वतःच्या मुलासाठी गहाण ठेवला, लक्ष्मीबाईंनी आपला दागिना परक्यांच्या मुलांसाठी दिला. पालकत्व रक्ताच्या नात्यापलीकडे नेल्यावाचून बहुजन समाज शिकणार नाही, हे त्या बाईंना कोणत्याही अहवालावाचून कळले होते.

स्वातंत्र्यानंतर शिकून लिहू लागलेल्या पिढीच्या आत्मकथनांत आईबापांची ही गोष्ट पुढे चालू राहते. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'मध्ये (१९८०) गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव हिंडणारा कैकाडी बाप मुलाला शाळेत घालतो. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'मध्ये (१९८७) वस्तीतली मुले जुलाब-उलट्यांनी आजारी पडतात, आणि हे पोर शाळेत जाते म्हणूनच हे झाले असा ठपका घरावर येतो. १८४९ चे पुणे आणि ही वस्ती यांत शंभराहून अधिक वर्षांचे अंतर आहे, दडपणाची जात मात्र तीच आहे. नरेंद्र जाधव यांच्या 'आमचा बाप आन् आम्ही'मध्ये (१९९३) बाप निवृत्तीनंतर स्वतःच आपल्या आठवणी लिहायला बसतो. मुलांना शिकवता शिकवता बापाच्या हाती लेखणी आली, असे मराठीत फार थोड्या वेळा घडले आहे. किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर'मध्ये (१९९४) तर पालकाच्या नावाचा रकानाच प्रश्न होऊन उभा राहतो. लेखकाने आपल्या नावात बापाच्या जागी आईचे नाव लावून त्याला उत्तर दिले. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव लावणे महाराष्ट्र शासनाने बंधनकारक केले, ते त्यानंतर तीस वर्षांनी.

या आईबापांपैकी बहुतेकांना मुलाच्या पुस्तकातले अक्षर वाचता येत नव्हते. अभ्यास घेणे, वही तपासणे, शिक्षकांना भेटणे, म्हणजे आज आपण ज्याला 'पालकांचा सहभाग' म्हणतो, त्यातले काहीच त्यांनी केले नाही. त्यांनी मुलाच्या मजुरीवर पाणी सोडले, जमातीचा राग अंगावर घेतला, लोकांची बोलणी ऐकून घेतली. मुलगा शिकला तर आपल्यापासून दूर जाईल, हे कळत असूनही त्याला जाऊ दिले. यासाठी लागणारे धैर्य कोणत्याही अर्जाच्या रकान्यात मावत नाही.

कायद्याने या गोष्टीची दखल आपल्या परीने घेतली आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि त्याच वेळी सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिक्षणाची संधी देणे हे आईबापांचे मूलभूत कर्तव्य ठरले. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने हे कर्तव्य पुन्हा सांगितले, पण न पाळणाऱ्यास दंड ठेवला नाही. मुलाला प्रवेश देताना त्याची किंवा त्याच्या पालकांची चाळणी लावण्यास या कायद्याने मनाई केली, आणि अनुदानित व सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत असे सांगितले. एक रुपयाच्या दंडापासून समितीतल्या खुर्चीपर्यंत पालकाचा हा प्रवास कागदावर तरी सन्मानाचा आहे.

व्यवहारात मात्र गेल्या काही दशकांत शाळेने आपले काम हळूहळू घराकडे सरकवले. प्रकल्पवही आईने सजवायची, शिकवणी बापाने लावायची आणि निकाल कमी लागला की दोघांनी ऐकून घ्यायचे. २०२० मध्ये करोनाच्या साथीत शाळा बंद पडल्या तेव्हा हे सरकणे उघडे पडले. ज्या घरात शिकलेले आईबाप, स्वतंत्र खोली आणि हाताशी यंत्र होते तेथे शाळा चालू राहिली. ज्या घरात एकच फोन होता आणि तो कामावर जाणाऱ्या बापाच्या खिशात होता, तेथे ती थांबली. त्या दोन घरांतले अंतर ममतेचे नव्हते. तरी त्या मुलांविषयी बोलताना आम्ही पुन्हा तेच जुने वाक्य वापरले.

म्हणून या इतिहासापासून आम्ही आमच्यापुरता एक धडा घेतला आहे. आईबापांनी मुलाच्या शिक्षणात काय करावे, हे सांगणारे लेख पुष्कळ आहेत. आईबापांना ते करता यावे म्हणून इतरांनी काय करावे, हा प्रश्न आम्हाला अधिक निकडीचा वाटतो. गफार बेग मुन्शी हे शिक्षणाधिकारी नव्हते आणि केळुसकरांवर भीमरावांची कोणतीही जबाबदारी नव्हती. एकाने शेजाऱ्याच्या घरी जाऊन दोन शब्द सांगितले, दुसऱ्याने एका मुलाला योग्य दारापर्यंत नेले. एवढे तर महाविद्यालयातल्या प्राध्यापकालाही जमण्यासारखे आहे.

गेल्या वर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना आम्ही एक लहानसा निबंध लिहायला दिला: तुम्ही शिकावे असे घरात कोणी ठरवले, आणि त्यासाठी त्यांना काय करावे लागले? एका मुलीने तीनच ओळी लिहिल्या. आलेले स्थळ आईने दोनदा परत पाठवले, त्यावरून मामा अजून घरी येत नाही, आणि ती यंदा महाविद्यालयात आली. लक्ष्मीबाई डोंगरे त्या मुलीने वाचलेल्या नाहीत. निबंध परत करण्यापूर्वी आम्ही तिचा प्रवेश अर्ज काढून पाहिला. पालकाच्या शिक्षणाच्या रकान्यात आडवी रेघ होती.